नाव बादशहाचे, पारख बाजाराची : सुरतेच्या चांदीच्या नाण्यांचा आढावा

मोगल अमदानीत सुरतेच्या टांकसाळीतून निघालेला रुपया वाचायला सोपा आहे. अक्षरे फारसी, एका बाजूला बादशहाचे नाव, दुसऱ्या बाजूला त्याच्या राज्यारोहणापासूनचे वर्ष आणि 'जर्ब सुरत', म्हणजे सुरतेत पाडलेले. शहराचे नाव आहे, पण शहराची स्वतःची अशी एकही खूण नाही. ना तापी, ना गलबत, ना किल्ला. संग्रहालयांच्या सूच्यांनी हीच अक्षरे प्रमाण मानली आणि नाणी बादशहांच्या क्रमाने लावली : अकबर, जहांगीर, शाहजहान, औरंगजेब, आणि पुढे नाममात्र उरलेले वंशज. या मांडणीमुळे नकळत एक समज पक्का झाला की नाणे हा राजाचा हुकूम आहे, आणि तो हुकूम प्रजेने मानला म्हणून ते चालले. सुरतेच्या चांदीचा सुमारे अडीचशे वर्षांचा पुरावा एकत्र मांडला तर हा समज टिकत नाही. बादशहाने नाण्याला नाव आणि माप दिले हे खरे. ते माप पाळले जाते की नाही हे पाहण्याचे, आणि न पाळले गेल्यास नाण्याची किंमत उतरवण्याचे काम मात्र बाजाराने केले, म्हणजे परदेशातून चांदी आणणाऱ्या व्यापाऱ्यांनी आणि ती पारखणाऱ्या सराफांनी. सुरतेचा रुपया टिकला तो या दुसऱ्या कामामुळे.

नाणे कोणाचे, हा प्रश्न सुरतेपेक्षा फार जुना आहे. इराणच्या हखामनी सम्राटांनी सोन्याचे दारिक आणि चांदीचे सिग्लोस पाडले, तरी त्यांच्याच अधिपत्याखालची सिदोन आणि टायर ही बंदरे आपापली चांदीची नाणी काढत राहिली. आपल्याकडच्या तक्षशिला परिसरातले चांदीचे वाकडे, लांबट तुकडे, सुमारे अकरा ग्रॅम वजनाचे, याच वादात सापडले आहेत. काहींना ती इराणी क्षत्रपांच्या व्यवस्थेची निर्मिती वाटते, काहींना स्थानिक व्यापाराची. १९३३ मध्ये काबूलजवळ चमन-ए-हुजूरी इथे सापडलेल्या साठ्यात असे वाकडे तुकडे, ग्रीक नाणी आणि इराणी सिग्लोस एकत्र मिळाले. तिन्ही प्रकारची चांदी एकाच ठिकाणी साठवणाऱ्याला त्यांवरच्या शिक्क्यांपेक्षा धातूची पर्वा अधिक असावी, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्या काळातल्या व्यापाऱ्यांची पत्रे नाहीत, त्यामुळे तर्काच्या पुढे जाता येत नाही. सुरतेचे तसे नाही. इथे नाणी आहेत, अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलचे वर्णन आहे, प्रवाशांची निरीक्षणे आहेत आणि इंग्रज वखारवाल्यांचा मोठा पत्रव्यवहार आहे. प्रश्न तोच, पण उत्तर देण्याइतका पुरावा असलेली जागा म्हणून सुरतेकडे पाहायला हवे.

पहिला पुरावा महमुदीचा. १५७३ च्या आरंभी अकबराने सुरतेच्या किल्ल्याला वेढा घालून तो घेतला आणि गुजरात मोगलांच्या ताब्यात आला. पाठ्यपुस्तकी हिशेबाने इथून पुढे सुरतेत मोगली रुपया चालायला हवा. प्रत्यक्षात गुजरातच्या सुलतानांच्या काळापासून लोकांच्या हातात असलेली चांदीची महमुदी चालूच राहिली. वजनाने ती रुपयाच्या निम्म्याच्या आसपास होती. गंमत अशी की जुन्या घडणीची, जुन्या वजनाची ही नाणी आता अकबराच्या नावाने पाडली जाऊ लागली. अहमदाबादेत राहून गुजरातच्या नाण्यांचा अभ्यास करणारे मिशनरी जॉर्ज टेलर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरतेच्या नाण्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि या 'गुजराती घडणी'च्या नाण्यांचा प्रश्न पुढे आणला. जुनागढच्या महाविद्यालयात शिकवणारे शापुरशा होडीवाला यांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात मोगल नाण्यांच्या अशा अनेक कोड्यांची फारसी साधनांच्या आधारे छाननी केली. या अभ्यासकांचे काम आज शंभर वर्षे जुने झाले असले तरी त्यांच्यानंतर या बाबतीत फार थोडी भर पडली आहे, हे मान्य करायला हवे.

महमुदीच्या कथेतला मराठी वाचकाला जवळचा भाग बागलाणात घडतो. आजच्या नाशिक जिल्ह्यातले मुल्हेर आणि साल्हेर हे त्या वेळी एका छोट्या हिंदू राज्याचे बळकट किल्ले होते. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१० च्या सुमारास सुरतेहून बुऱ्हाणपूरच्या वाटेने आग्ऱ्याकडे गेला. या राजाच्या मुलखात महमुदी पाडली जाते, अशी नोंद त्याने केली आहे. मुल्हेरच्या महमुदींवर नाव मात्र अकबराचे, आणि तेही अकबर वारल्यानंतर. एका डोंगरी राजाने मेलेल्या बादशहाच्या नावाने, त्याच्याही आधीच्या सुलतानांच्या मापाचे नाणे पाडावे आणि ते सुरतेच्या बंदरात बिनतक्रार चालावे, यात आज्ञापालन कुठे दिसते? सुरतेच्या सराफाला ठाऊक होते की मुल्हेरच्या महमुदीत अमुक इतकी चांदी आहे, आणि राजालाही ठाऊक होते की ती कमी केली तर आपले नाणे घाटाखाली कोणी घेणार नाही. इंग्रजांनी सुरतेत वखार मांडली तेव्हा त्यांचे सुरुवातीचे हिशेब महमुदीतच लिहिले गेले. अडीच महमुदींना एक रुपया हा दर त्या हिशेबांत नेहमी भेटतो, पुढे तो सव्वादोनापर्यंत आला. विजयानंतर चाळीस-पन्नास वर्षे बंदराचा हिशेब पराभूत सल्तनतीच्या नाण्यात होत राहिला.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की अखेर महमुदी गेली आणि रुपया राहिला. मग सत्तेचाच विजय झाला ना? इरफान हबीब यांनी १९६१ मध्ये मोगल चलनव्यवस्थेवर जे लिहिले, आणि मोगल शेतीव्यवस्थेवरच्या त्यांच्या एकूण लेखनातून जे चित्र उभे राहते, त्यात राज्याची रोख सारा वसुली हा चलनामागचा मोठा रेटा आहे. शेतकऱ्याला सारा रुपयांत भरायचा, जहागीरदाराला तो रुपयांत मोजून घ्यायचा, फौजेला पगार रुपयांत द्यायचा. इतक्या प्रचंड मागणीपुढे प्रांतिक नाणे कसे टिकणार? आक्षेप खरा आहे आणि तो उडवून लावण्यात अर्थ नाही. १६३८ मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने बागलाण जिंकल्यावर मुल्हेरच्या महमुदीचा आधारच तुटला, हे उघड राजकीय कारण आहे. परंतु हा रेटा सुरतेत पोचायला इतका काळ का लागला, याचे उत्तर त्या सिद्धान्तात नाही. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त चांदीची नाणी पाडणाऱ्या शहरांच्या यादीत सुरत आहे. तरीही अकबराच्या नावाचा सुरतेचा रुपया इतका दुर्मीळ की टेलरसारख्यांना त्या यादीचा अर्थ लावण्यासाठी गुजराती घडणीच्या नाण्यांकडे वळावे लागले. सुरतेचे रुपये नियमितपणे दिसतात ते जहांगीराच्या अखेरच्या वर्षांत. नूरजहानच्या नावाचे सुरतेचे रुपये हिजरी १०३३ ते १०३७ मधले आहेत, म्हणजे साधारण १६२४ ते १६२८. याच दशकांत इंग्रज आणि डच जहाजे आणि तांबड्या समुद्राकडून परतणारी गुजराती गलबते सुरतेत चांदी ओतत होती. आग्रा, बुऱ्हाणपूर, अहमदाबाद इथून माल खरेदी करायचा तर तिथे चालणारे मोठे नाणे हवे, ही त्या व्यापाराची गरज होती. साऱ्याचा रेटा पन्नास वर्षे होताच. व्यापाराची गरज त्याला येऊन मिळाली तेव्हा सुरतेची टांकसाळ खऱ्या अर्थाने सुरू झाली, असे मला या कालक्रमातून दिसते.

चांदी यायची कुठून? गुजरातेत चांदीची खाण नाही, आणि जी अफाट चांदी सुरतेत नाण्याचे रूप घेत होती ती जवळजवळ सगळी समुद्रावरून येत होती. स्पेनच्या अमेरिकेतल्या खाणींतून निघालेली चांदी 'रियाल' या नाण्याच्या रूपाने एक तर युरोपीय जहाजांतून थेट किंवा भूमध्य समुद्र, कैरो आणि मोखा असा वळसा घेऊन पोचे. दुसरा प्रवाह इराणचा. बंदर अब्बासहून इराणी अब्बासी येत, इराणच्या शाहाने चांदी बाहेर नेण्यावर घातलेल्या बंदीला न जुमानता. कोकणच्या बंदरांत जी वाकवलेल्या तारेसारखी लारी चाले तीही मूळची इराणच्या लारची, आणि ती इतकी रुळलेली की विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने स्वतःच्या नावाच्या लाऱ्या काढल्या. सुरतेत यांपैकी कोणतेही नाणे आहे त्या रूपात बाजारात खपत नसे. ते वजनावर विकले जाई, वितळवले जाई आणि रुपया होऊन बाहेर पडे. मोगल राज्याने परकी नाण्याला चलन म्हणून थारा दिला नाही, ही राज्याची खरी ताकद. पण वितळवायला काय आणायचे, किती आणायचे आणि कधी आणायचे हे राज्य ठरवत नव्हते. टांकसाळ सर्वांना खुली होती. कोणीही चांदी आणावी, घडणावळ आणि सरकारी हक्क भरावा आणि तितक्या चांदीचे रुपये न्यावेत. मोसमात जहाजे आली की भट्ट्या पेटायच्या, जहाजे अडली की थंडावायच्या. टांकसाळीचा कारखाना बादशहाचा, त्याचे वेळापत्रक मात्र मोसमी वाऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे.

'आईन'मधले टांकसाळीचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. दारोगा, अमीन, मुश्रिफ, खजिनदार हे सरकारी पदाधिकारी त्यात आहेतच. पण त्यांच्याच यादीत सैरफी म्हणजे पारखी आहे, आणि या खात्याचे यश त्याच्या अनुभवावर अवलंबून असते कारण नाण्याचा कस तोच ठरवतो, असे अबुल फजल स्पष्ट सांगतो. त्याच यादीत व्यापारीही आहे. तो सोने, चांदी, तांबे विकत घेतो, स्वतः नफा मिळवतो आणि राज्याच्या उत्पन्नातही भर घालतो. अकबराच्या दरबाराचा सर्वांत निष्ठावान इतिहासकार, बादशहाची थोरवी सांगण्याची एकही संधी न सोडणारा माणूस, टांकसाळीच्या वर्णनात व्यापाऱ्याला घरात घेतो. याहून बोलका साक्षीदार मिळणे कठीण.

इंग्रजांची पत्रे याच यंत्रणेला दुसऱ्या बाजूने उजेडात आणतात, आणि त्या उजेडात ते स्वतः फारसे सुखी दिसत नाहीत. टांकसाळीत चांदी दिली की रुपये मिळायला फार वेळ लागतो, दरम्यान मालाचे भाव चढतात, जहाज खोळंबते, ही त्यांची नेहमीची रड. त्यामुळे पुष्कळदा ते चांदी टांकसाळीत न नेता सरळ सराफांना विकत, थोडा तोटा सोसून. सराफ ती सवडीने पाडून घेत. म्हणजे खुल्या टांकसाळीचे दार कागदावर सर्वांना उघडे, पण रांगेत पुढे कोण हे सराफ ठरवत. वीरजी व्होरासारखा एक सावकार इंग्रज कंपनीलाच कर्ज देत असे, आणि परवडेल तेव्हा बंदरात येणारा अख्खा मालही उचलत असे. ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेत अनेकदा आला आणि पैशाच्या व्यवहारात त्याची नजर तीक्ष्ण होती. तुर्कस्तानातले पैशाचा धंदा करणारे भलेभले हिंदुस्थानी सराफांपुढे शिकाऊ ठरतील, असे त्याचे मत पडले. सोने कसोटीवर घासल्यावर दगडाला लागून राहिलेला कणसुद्धा डांबर आणि मेणाच्या गोळ्याने टिपून घेण्याची त्यांची रीत त्याने मुद्दाम नोंदवली. दगडावरचा कण न सोडणाऱ्या माणसांच्या हातून हलका रुपया सुटणार तरी कसा?

नाण्याच्या वयावर बसणारा बट्टा हे या व्यवस्थेचे मर्म आहे. चालू वर्षाचा नवा रुपया सर्वांत मोलाचा. एक-दोन वर्षे जुना झाला की त्याची किंमत थोडी उतरे, आणि मागच्या बादशहाचा रुपया असेल तर आणखी. वापराने झीज होते म्हणून कपात हे समजण्यासारखे, पण बट्टा झिजेपेक्षा जास्त असे, आणि त्या फरकात सराफाचा नफा होता. ताव्हर्निये प्रवाशांना नवेच रुपये घ्या असा सल्ला देतो तो यासाठी. इथे दुसरा आक्षेप येतो. बादशहाच्या राज्यवर्षावरून किंमत ठरत असेल तर नावाचे महत्त्व कमी कसे म्हणायचे? उलट बादशहा बदलला की किंमत बदलते, यात सत्तेचाच पगडा दिसतो. याचे उत्तर १६५७-५८ च्या गुजरातेत आहे. शाहजहान आजारी पडला आणि चौघा मुलांत वारसायुद्ध पेटले. गुजरातचा सुभेदार असलेल्या मुरादबक्षाने अहमदाबादेत स्वतःला बादशहा घोषित केले, त्याच्या माणसांनी सुरतेचा किल्ला घेतला आणि शहरातल्या श्रीमंतांकडून सक्तीने कर्ज उकळले. सुरतेच्या टांकसाळीतून हिजरी १०६८ चे मुरादच्या नावाचे रुपये बाहेर पडले. लवकरच मुराद कैदेत गेला आणि त्याच टांकसाळीतून औरंगजेबाचे रुपये येऊ लागले. दोन वर्षांच्या आत तीन नावे. धर्माच्या बाबतीतला बदलही याच वेळचा, कारण कलम्याची अक्षरे अपवित्र हातांत जाऊ नयेत म्हणून औरंगजेबाने तो नाण्यावरून काढून टाकला. इतकी उलथापालथ होऊनही रुपयाचे माप तेच राहिले, साधारण साडेअकरा ग्रॅमच्या घरातले, जवळजवळ शुद्ध चांदीचे. गादीवर कोण हे युद्धाने ठरवले. रुपयात चांदी किती असावी या विषयाला युद्ध करणाऱ्यांपैकी कोणीही हात लावला नाही, कारण हात लावणाऱ्याच्या फौजेला दुसऱ्या दिवशी धान्य मिळाले नसते. जहांगीराने तो प्रयोग करून पाहिला होता. गादीवर येताच त्याने रुपयाचे वजन वीस टक्के वाढवले, मग पंचवीस टक्के. सहा-सात वर्षांतच त्याला बापाच्या मापावर परत यावे लागले. मापात वाढ करणेही बादशहाला पचले नाही, तर घट कुठून पचणार!

तिसरा आक्षेप मुंबईहून येतो आणि तो माझ्या म्हणण्याच्या अगदी वर्मावर बोट ठेवतो. चांदीच सर्व काही असेल तर इंग्रजांनी १६७२ पासून मुंबईत पाडलेले रुपये का चालले नाहीत? मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड औंगियर याच्या काळातल्या या नाण्यांवर कंपनीचे चिन्ह आणि लॅटिन अक्षरे होती, चांदीही चांगली होती. बेटाबाहेर ती कोणी घेईना. पुढे इंग्लंडचे राजा-राणी विल्यम आणि मेरी यांच्या नावाने फारसी अक्षरांत रुपये काढले, तर खाफीखानासारख्या मोगल इतिहासकाराचा संताप झाला आणि बादशाही रोष ओढवला. १७१७ मध्ये फर्रुखसियरच्या फर्मानाने मोगल बादशहाच्या नावाने मुंबईत रुपये पाडण्याची परवानगी मिळाली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. इतक्या स्पष्ट उदाहरणापुढे नाव गौण होते असे म्हणता येणार नाही, आणि मी म्हणतही नाही. नाव हवेच होते. पण का हवे होते हे पाहा. सराफाच्या दुकानात दिवसाला शेकडो नाणी येतात. प्रत्येक नाणे वितळवून तपासणे अशक्य. सुरतेचा चालू सालचा बादशाही रुपया म्हणजे अमुक कस, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठरलेले. लॅटिन अक्षरांच्या मागे असा अनुभव नव्हता, म्हणून ते नाणे प्रत्येक वेळी तपासावे लागे आणि तपासणीचा खर्च त्याच्या किमतीतून वजा होई. नाव ही सराफासाठी कसाची हमी होती, आणि हमी कमावावी लागते.

याच काळातली रायगडावरची एक नोंद या मुद्द्यावर इतकी नेमकी आहे की ती इतिहासाच्या पुस्तकांत इतकी मागे का पडते हेच कळत नाही. जून १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडेन इंग्रजांचा वकील म्हणून गडावर होता. तहाच्या कलमांत कंपनीची मागणी होती की त्यांचे मुंबईचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे. उत्तर असे मिळाले की ज्या नाण्यात तोटा होईल ते घ्यायला मी माझ्या प्रजेला भाग पाडणार नाही, मात्र ते इतर राजांच्या नाण्यांइतके कसाचे आणि वजनाचे असेल तर माझी मनाई नाही. अभिषेक झालेला नवा छत्रपती, आपल्या सार्वभौमत्वाची द्वाही फिरवण्याच्या त्या क्षणीही, चलनाचा निवाडा बाजारावर सोपवतो. ज्या राजाने जानेवारी १६६४ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत लुटली, वीरजी व्होरा आणि हाजी जाहिद बेग या धनाढ्य व्यापाऱ्यांच्या वाड्यांतली संपत्ती उचलली, त्याला सुरतेच्या चांदीचे मोल कोणी शिकवायला नको होते. तरीही त्याच्या नावाची म्हणून आज सर्वमान्य असलेली नाणी आहेत ती सोन्याचे होन आणि तांब्याच्या शिवराया. चांदीचा रुपया नाही. काहींना याचे नवल वाटते. मला वाटत नाही. चांदीच्या क्षेत्रात मोगली मापाची पकड इतकी घट्ट होती की तिथे नवे नाव रुजवायला लागणारा खर्च नव्या राज्याने टाळला असणे शहाणपणाचेच. पुढच्या शतकात मराठ्यांची सत्ता दिल्लीपर्यंत पोचली, पेशवे आणि सरदारांच्या टांकसाळी उभ्या राहिल्या, पुण्याचा अंकुशी आणि चांदवडचा चांदवडी रुपया गावोगाव चालला. त्यांवर अक्षरे फारसी आणि नाव बहुधा शाह आलमचे! ज्या बादशहाला मराठे सांभाळत होते त्याचेच नाव मराठ्यांच्या रुपयावर. अंकुशाची बारीक खूण सराफाला टांकसाळ ओळखण्यापुरती पुरेशी होती.

मग सुरतेचा रुपया बिघडला कसा? कारण बिघडला, आणि वाईट रीतीने. १७५९ मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला, पण शहराचा कारभार आणि टांकसाळ नवाबाकडे राहिली. सराफ एवढे जागरूक होते तर नवाबाचे हिणकस रुपये त्यांनी चालू दिलेच कसे, हा चौथा आक्षेप. जेम्स प्रिन्सेपने १८३० च्या दशकात संकलित केलेल्या कोष्टकांत याची हकीकत आहे. मोगलांच्या काळात सुरतेच्या रुपयाचे वजन १७८.३१४ ग्रेन आणि त्यात हीण जेमतेम सव्वा टक्का. पुढे मुंबईचे इंग्रज आणि सुरतेचा नवाब यांच्यात करार झाला की दोघांचे रुपये समान किमतीने चालावेत आणि दोघांनी कस राखावा. थोड्याच दिवसांत नवाबाच्या रुपयांत दहा, बारा, अगदी पंधरा टक्के हीण निघू लागले. परिणामी मुंबईचे चांगले रुपये वितळवून सुरतेत पुन्हा पाडले जाऊ लागले, मुंबईच्या टांकसाळीतले चांदीचे काम सुमारे वीस वर्षे बंद पडले आणि सगळीकडे सुरतेचेच रुपये दिसू लागले. हा आक्षेप माझ्या विरुद्ध जात नाही, उलट माझ्या म्हणण्याला दुजोरा देतो. जोवर हिणकस रुपयावर बट्टा लावण्याची मुभा होती तोवर हीण घालण्यात टांकसाळवाल्याचा फायदा नव्हता. दोन सरकारांनी आपसात बसून दोन्ही नाण्यांची किंमत एक ठरवली, म्हणजे बट्ट्याला बंदी घातली, तेव्हा हीण घालणे किफायतीचे झाले. सराफांनी मग जे करणे व्यवहार्य तेच केले. चांगले नाणे वितळवले आणि वाईट पुढे सरकवले. तक्रार करायची तर ती करारनामा लिहिणाऱ्यांची करावी.

१८०० मध्ये कंपनीने सुरतेचा कारभार पुरता हाती घेतला आणि सुरतेचा रुपया मुंबईत पाडण्याचे ठरवले. वजन १७९ ग्रेन, त्यात शुद्ध चांदी १६४.७४ ग्रेन. नाण्यावर शाह आलमचे ४६ वे राज्यवर्ष कोरले आणि ते तिथेच गोठवून टाकले. शाह आलम १८०६ मध्ये वारला तरी ते वर्ष पुढे कित्येक वर्षे तसेच छापले गेले. इतिहासकार सहसा हा कंपनीचा लबाड सोयीस्करपणा म्हणून सांगतात, आणि तो होताच. पण गोठवलेल्या वर्षाचा व्यावहारिक परिणाम मोठा होता. वर्षच बदलत नसेल तर जुन्या-नव्याचा भेद उरत नाही, आणि वयावरचा बट्टा लावायला सराफाला आधार राहत नाही. दोनशे वर्षे चाललेली सराफांची सत्ता मोडली ती या एका आकड्याने, यंत्रावर पाडलेल्या एकसारख्या नाण्याच्या जोडीने. १८२४ मध्ये वजन १८० ग्रेन झाले, आणि १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा कंपनीचा रुपया ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू झाला. त्यावर इंग्लंडच्या राजाचा मुखवटा होता आणि मजकूर मुख्यतः इंग्रजी. १६७२ मध्ये जे जमले नव्हते ते आता जमले. मधल्या काळात माप सुरतेचे घ्यावे लागले होते.

या विषयावरच्या नंतरच्या संशोधनाबद्दल थोडे सांगायला हवे. सुरतेच्या व्यापाऱ्यांवरची दोन महत्त्वाची पुस्तके १९७९ या एकाच वर्षी आली. बाळकृष्ण गोविंद गोखले यांनी सतराव्या शतकातल्या शहराचे चित्र उभे केले, तर अशीन दासगुप्त यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या त्याच्या ऱ्हासाचे. दोन्हींत माणसे जिवंत आहेत. चांदीच्या परिमाणाचा वाद वेगळ्या वाटेने गेला. अझीझा हसन यांनी १९६९ मध्ये संग्रहालयांच्या सूचींतली नाणी वर्षवार मोजून टांकसाळींच्या उत्पादनाचा चढउतार काढण्याचा प्रयत्न केला. जॉन डेयेल यांनी त्या पद्धतीतले कच्चे दुवे दाखवले, शिरीन मूसवी यांनी साठ्यांच्या आधारे नवे हिशेब मांडले आणि नजफ हैदर यांनी धातूच्या प्रवाहांचा माग काढला. कल्पक काम आहे. पण संग्रहालयातले नाणे हा नमुना आहे हे गृहीतच शंकास्पद वाटते. संग्राहक दुर्मीळ वर्षे शोधतो, सामान्य वर्षांची नाणी सोनाराच्या मुशीत जातात. मोजून काढलेल्या आलेखावरून सुरतेच्या रुपयाची भरभराट सांगण्याआधी या नाण्यांचा कस मोठ्या संख्येने, नाणे न दुखावता तपासणे अधिक उपयोगाचे ठरेल. मुरादचे रुपये, औरंगजेबाचे पहिले रुपये आणि नवाबाचे शेवटचे रुपये एकाच यंत्राखाली ठेवून पाहिले तर वर केलेल्या मांडणीतला बराचसा भाग खरा-खोटा ठरेल.

महमुदीच्या बाबतीत तर साठ्यांखेरीज दुसरा मार्गच नाही. मुल्हेर-साल्हेरच्या पायथ्याच्या गावांत, बागलाण-सटाण्याच्या परिसरात, डांग आणि सुरतेच्या वाटेवरच्या शेतांत नांगराखाली चांदीची लहान, जाड नाणी निघण्याची शक्यता आजही आहे. त्यांत किती मुल्हेरच्या महमुदी, किती सुरतेचे रुपये, कोणते नाणे कोणत्या नाण्यासोबत पुरले होते, हे कळायचे तर साठा फुटता कामा नये. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे असा ठेवा सापडल्याचे जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. ज्यांच्या शेतात असे काही निघेल त्यांनी ते सोनाराकडे नेण्याआधी आहे त्या स्थितीत, मडक्यासह, तहसील कचेरीत दाखवावे.